पांढऱ्या चहाचं पाणी

माणसाची पायरी तो काय पितो यावरून नव्हे, तर पिऊन झाल्यावर किती वेळ गप्प बसतो यावरून ठरते. पाणी पिऊन कुणी गप्प बसत नाही. दुधाचा चहा पिणारा तर पहिल्या घोटालाच बोलायला लागतो. चीनच्या डोंगरातला उंची पांढरा चहा पिणारा मात्र डोळे मिटतो, आणि तो ते उघडेपर्यंत इतरांनी थांबायचं असतं. शहराच्या पाणीपुरवठा खात्यातले गुणवत्ता अधिकारी असे डोळे मिटायला शिकले, त्याला आता वर्ष होईल.

तोवर ते साधे गृहस्थ होते. नळाचं पाणी पिण्यायोग्य असल्याचा दाखला देणं हे त्यांचं काम, आणि दाखला ते नियमाने देत. (पाणी नियमाने येत नसे, पण ते काम दुसऱ्या विभागाकडे होतं.) मग नवे मुख्य अभियंता बदलून आले, ते बगलेत पांढऱ्या चहाचा डबा घेऊनच. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "तुमच्यापैकी कुणाला जीभ आहे का?"

खात्यात जीभ असल्याचं कबूल करण्याची पद्धत नव्हती. तरी गुणवत्ता अधिकाऱ्यांनी हात वर केला. वरची जागा लवकरच रिकामी होणार होती.

मग अभ्यास सुरू झाला. पांढरा चहा समजून घ्यायचा म्हणजे त्याचं काय काय केलेलं नाही ते समजून घ्यायचं. तो भाजत नाहीत, वळत नाहीत, कुटत नाहीत. खुडतात, वाळत घालतात आणि बाजूला होतात. खात्याची कामाची रीतही थोडीफार अशीच असल्यामुळे अधिकाऱ्यांना विषय चटकन उमगला. नुसत्या कोवळ्या कळ्यांचा, अंगावर बारीक पांढरी लव असलेला तो 'रुपेरी सुई', सगळ्यांत वरचा. कळीसोबत पानं आली की दर्जा उतरला. नुसती जून पानं म्हणजे कारकून वर्ग. मात्र हाच कारकून सात वर्षं कोपऱ्यात नीट पडून राहिला, की त्याला 'मुरलेला' म्हणतात आणि त्याचा भाव वाढतो. (हेही खात्याला नवीन नव्हतं.)

खरेदीसाठी एक चहागुरू मिळाले. पूर्वी ते पंखे विकत. विकणारा जितकी टाळाटाळ करेल तितका माल अस्सल, या नियमावर त्यांचं दुकान चालत असे. "हा तुम्हाला झेपायचा नाही," असं गुरू म्हणाले, की अधिकारी दोन डबे घेत.

खरा पेच पडला तो चहा करताना. पाणी उकळू द्यायचं नाही, नाहीतर कळी करपते, एवढं अधिकाऱ्यांना जमलं. पण पाणी कुठलं? "नळाचं चालेल?" त्यांनी विचारलं. गुरूंनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "साहेब, कळी मरेल!"

तेव्हापासून अधिकाऱ्यांच्या खोलीत झऱ्याच्या पाण्याच्या बाटल्या येऊ लागल्या. दाखल्यांवर सह्याही त्याच खोलीत होत राहिल्या. ज्या पाण्याने कळी मरते त्याने माणूस मरतो, असं कुठल्याही चाचणीत सिद्ध झालेलं नव्हतं. एकदा घरी बायकोने त्यातली एक बाटली मुलाच्या दप्तरात घातली, तेव्हा ते ओरडलेच, "अगं, ते पिण्याचं पाणी नाही, चहाचं आहे!"

अशात गुरूंनी निरोप धाडला. सात वर्षं मुरलेला एक चहा हाती लागलाय, रात्रभर थंड पाण्यात भिजवून बाटलीभर नमुना पाठवतो, रंग मधासारखा असेल. अधिकाऱ्यांनी लगेच मुख्य अभियंत्यांना आपल्या खोलीत बोलावून घ्यायचं ठरवलं.

त्याच सकाळी त्यांची धाकटी बहीण कार्यालयात आली. कारखान्यामागच्या गल्लीत तिचं घर, घरातच ती शिवणकाम करते. गल्लीत कित्येक दिवस नळाला तांबूस पाणी येत होतं. आधी शेजारची पोरं आजारी पडली, मग तिची लेक. काविळीने ती दवाखान्यात होती. तक्रारी सगळ्या करून झाल्या होत्या, म्हणून बहिणीने नळाखाली बाटली भरली आणि सरळ भावाच्या टेबलावर आणून ठेवली.

"दादा, हे जरा बघ रे."

दादा फोनवर होते. "या ना सर, वाटच बघतोय," असं म्हणत त्यांनी मान वर न करता हातानेच खूण केली, बाहेर बस. ती बाहेर बाकावर जाऊन बसली.

फोन ठेवल्यावर त्यांना बाटली दिसली. रंग मधासारखा. गुरूंचा माणूस कधी येऊन गेला कळलंच नाही, असं मनाशी म्हणत त्यांनी ग्लास पुसले. मुख्य अभियंता आले. बाटली खिडकीच्या उजेडात धरली गेली.

"काहीतरी तरंगतंय," मुख्य अभियंता म्हणाले.

"कळीवरची लव, सर."

"वास जरा..."

"मुरलाय, सर."

दोघांनी घोट घेतला, डोळे मिटले. बराच वेळ नुसत्या पंख्याचा आवाज येत राहिला.

"अंजीर," मुख्य अभियंता म्हणाले.

"सुकं अंजीर, सर."

"आणि मागून लोखंड येतंय."

"डोंगरात खनिजं असतातच, सर."

दुसरा ग्लास भरला जात असताना, वाट बघून कंटाळलेल्या बहिणीने दार ढकललं, आणि ती उंबऱ्यातच थिजली.

"दादा! अरे काय पितोयस? आमच्या नळाचं पाणी आहे ते!"

आता जी शांतता पसरली, तेवढी पांढऱ्या चहालाही लागत नाही. मुख्य अभियंत्यांनी एकच डोळा उघडला.

गुणवत्ता अधिकाऱ्यांनी झटपट विचार केला. पाणी वाईट म्हणावं, तर साहेबांना गटार आणि अंजीर यांतला फरक कळत नाही, असं ठरतं. पाणी चांगलं म्हणावं, तर कुणाचंच काही बिघडत नाही (गल्ली सोडून). मग त्यांनी बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं, तिच्या सुया टोचून खरबरीत झालेल्या बोटांकडे पाहिलं, आणि त्यांच्या पोटात कालवलं. ते बहिणीमुळे की पाण्यामुळे, हे एवढे तज्ज्ञ असूनही त्यांना सांगता आलं नसतं.

"चव तर काही वाईट नाही," मुख्य अभियंता सावकाश म्हणाले. वाक्य सुरू झालं तेव्हा ते त्यांचं मत होतं. संपलं तेव्हा खात्याचं झालं होतं.

"मुळीच नाही, सर."

"दादा, माझी पोर पिवळी पडलीय रे," बहीण म्हणाली. "शेजारी मैल्याची लाइन फुटलीय, आणि तुला अंजीर लागतंय?"

"तू भावनेच्या भरात बोलतेयस. चव घ्यायला मन शांत लागतं."

बहीण पुढे आली. तिने ग्लास काठोकाठ भरला आणि त्यांच्यापुढे सरकवला. "पी मग. सगळं पी, माझ्यासमोर."

अधिकाऱ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. अधिकाऱ्यांनी ग्लास तोंडाला लावला आणि रिकामा केला. (या खेपेला अंजीर लागलं नाही.)

बहिणीने बाटलीला झाकण लावलं. "होऊ दे तुझी बढती," ती म्हणाली आणि गेली. त्यानंतर तिने भावाच्या घरी पाऊल टाकलेलं नाही.

बढती झाली. गल्लीतल्या पाण्याला 'नैसर्गिक वर्ण व विशेष मुरलेपणा' असल्याचं खात्याने जाहीर केलं. मुख्य अभियंत्यांना दोन दिवस पोटाने अंथरुणाला खिळवलं. त्याला गुरूंनी शरीरशुद्धी म्हटल्यावर त्यांना समाधान वाटलं. फुटलेली लाइन दुरुस्त करायला माणसं निघाली होती, ती अर्ध्या वाटेतून परत बोलावण्यात आली. चव बिघडण्याचा धोका होता. टेकडीवरच्या बंगल्यांतून शिष्टमंडळ आलं: आम्ही वेळेवर पाणीपट्टी भरतो, तरी आमच्याच नळाला अजून स्वच्छ पाणी का? त्यांची मागणी सहानुभूतीपूर्वक विचाराधीन आहे.

ही हकीकत आम्ही जिथे जिथे सांगितली, तिथे तिथे सुजाण मंडळींनी आपुलकीने चौकशी केली. रुपेरी सुईला पाणी नेमकं किती गरम लागतं? मुरलेला चहा अस्सल आहे हे कसं ओळखायचं? त्या गुरूंचा पत्ता मिळेल का? सगळ्यांचं समाधान केलेलं आहे.

मुलगी कशी आहे, हे अजून कुणी विचारलेलं नाही. आपण आता विचारणारच होतो, असं तुमचं म्हणणं असेल, तर तशी नोंद घेतो.