ठिगळाची जाडी

मगदूमकाका ताटातला पापड आधी वाजवतात, मग खातात. कानाशी धरून टिचकी मारायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "ह्यो जाड. थरथरत न्हाय." लग्न कुणाचंही असो, पंगत जेवायची थांबते.

शाहूपुरीत ते आमचे शेजारी. कागलच्या एमआयडीसीत यंत्रांची थरथर कॉम्प्युटरवर मोजण्यात सगळी हयात गेली. निवृत्त झाले आणि त्यांनी कॉम्प्युटरवर चक्क कान बांधला. पडदा, त्यामागची तीन चिमुकली हाडं, सगळं हलतं. कारण सुशीलाकाकूंच्या कानाच्या पडद्याला भोक पडलं होतं. दुसऱ्या कानानं आधीच राम म्हटलेला. डॉक्टर म्हणाले, कानाच्याच मऊ हाडाचं पातळ ठिगळ लावू.

"केवढं जाड?" काकांनी विचारलं.

"ते हाताला कळतं."

"हाताच्या अंदाजानं आमटीत मीठ घालत्यात, डॉक्टर!" म्हणून काका काकूंना घेऊन घरी.

जाड ठिगळ टिकतं, पण नीट थरथरत नाही. पातळ थरथरतं, पण टिकेलच असं नाही. मधली जाडी सापडल्याशिवाय ऑपरेशन नाही, हा हुकूम. काकूंचा कान वाहत राहिला, काका गणित मांडत राहिले.

मी डीजेविरोधी पत्रकं वाटते. एकदा त्यांच्याकडे गेले. "डीजेनं पडदा फाटतो, असं लिहू?"

"लिही की. पण माझं मॉडेल अजून तसं म्हणत न्हाय."

आमच्या पत्रकात 'अजून'ला जागा नसते. मी तोंडावर सुनावलं, "मॉडेल राहू द्या, काका. आधी काकूंचा कान शिवून आणा!"

"काय म्हणतीया वो ती?" काकूंनी विचारलं.

"चहा मागतीया," काका ओरडले.

शेवटी गणित सुटलं आणि ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी नुसत्या हातानं कापलेलं ठिगळ काकांच्या गणितातल्याच जाडीचं निघालं. पण तोवर आतलं एक हाड कुजून झडलं होतं. पडदा सांधला, ऐकू येणं परतलं नाही. असली चीड आली! पण पत्रक छापायचं कुणाविरुद्ध?

परवा गेले, तर काका हेडफोन लावून बसलेले. मॉडेलातलं ते हाड त्यांनी काढून टाकलं होतं आणि त्या कानातून स्वतःचाच आवाज ऐकत होते. हेडफोन मला दिला. गोधडीखालून यावं तसं आलं, "चुकलं माझं, सुशीला."

"किती मोठ्यानं म्हटलं तर तिला पोचंल, ते काढतोय," काका म्हणाले. "गल्ली गोळा न होता."

"जवळ जाऊन म्हणा की, काका."

"जवळ गेलं की तिचं तोंड दिसतंय, पोरी."