जागच्या जागी

हिंगणवाडी नगरपालिकेच्या हद्दीत काहीही बदलायचं झालं, अगदी चौकातला एक दिवा बदलायचा झाला तरी, आधी अख्खं गाव पुसून मग पुन्हा मांडावं लागे. गेल्या गुढीपाडव्यापासून ही पद्धत बंद झाली.

जुन्या पद्धतीत चाळीस सेकंद सगळं पांढरं होई. मग वरून खाली गाव परत येई. आधी पाण्याची टाकी, मग देवळाचा कळस, मग पत्रे, सगळ्यात शेवटी माणसं. अर्धवट भरलेले फॉर्म कोरे व्हायचे आणि उतू जायच्या बेतातलं दूध थंडगार होऊन यायचं. गाव आलं की लोक दारात येऊन समोरच्याला ओरडून विचारायचे, "काय बदललं?" समोरचा सांगायचा, "दिवा!" की सगळे आत.

'दैनिक खडाजंगी'चे निळकंठ आवटी याच प्रश्नाच्या नावाचं सदर अठ्ठावीस वर्षं लिहीत होते. 'काय बदललं?' या सदरानं दोन नगराध्यक्ष घरी बसवले होते.

नवी युक्ती मुळात संगणकावरच्या वेबपानांसाठी निघाली होती. सबंध पान पुन्हा आणायचं नाही, हवा तेवढाच तुकडा मागच्या मागे मागवून जागच्या जागी बदलायचा. वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही. पानांवर जमलं म्हणून नगरपालिकेनं गावाला लावून पाहिलं आणि लोक भलतेच खूश झाले. सलूनवाला बंडू आवटींच्या गालाला साबण लावताना म्हणाला, "काय फास्ट आहे साहेब! पांढरं होणं नाही, थांबणं नाही."

"म्हणजे नेमकं होतं काय?" आवटींनी विचारलं.

"ते नाही माहीत. पण फास्ट आहे."

सात महिने आवटी हाच प्रश्न विचारत फिरले. उत्तर मिळालं नाही आणि सदर आटत गेलं. गाव पांढरं होत नव्हतं, म्हणून कुणी दारात येत नव्हतं. संपादकांनी सदराच्या जागेत राशिभविष्य घातलं.

कार्तिकातल्या एका मंगळवारी आवटी सार्वजनिक वाचनालयात गेले, तर तिथं वाहनतळ होता. चौदा हजार पुस्तकांच्या जागी पांढऱ्या रेघा होत्या. ग्रंथपाल सुलभाताई दाणी फाटकाशी उभ्या राहून स्कूटरवाल्यांना पावत्या देत होत्या.

"सुलभाताई, हे केव्हा झालं?"

"काय केव्हा झालं?"

"वाचनालय कुठं गेलं?"

सुलभाताईंनी मागं वळून पाहिलं. "तरीच," त्या म्हणाल्या. "तरीच मला वाटत होतं, हल्ली लोक फार लवकर परत आणून देतात."

आवटी तडक नगरपालिकेत गेले. नवी पद्धत बसवणाऱ्या अभियंता मृणाल फुलझेले डबा खात होत्या. त्यांनी डबा झाकला.

"सबंध गाव पुसा आणि पुन्हा मांडा," आवटी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. नागरिक म्हणून माझा तो हक्क आहे."

"आहे ना. नमुना सात. एक सही पुरते." फुलझेलेबाईंनी खणातून फॉर्म काढला. "फक्त एक सांगते. मूळ गाव आमच्याकडे पाडव्याचं आहे. नंतरचे बदल सगळे जागच्या जागी झाले, मूळ गावात ते उतरवलेले नाहीत. सबंध गाव मागवलं की पाडव्याचं येईल."

"येऊ दे की! वाचनालय येईल."

"येईल. पाडव्यानंतर जे आलं ते मात्र येणार नाही."

आवटींनी पेन उघडलं होतं. त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती ती अजून तिथंच होती, आणि नात मैना श्रावणात झाली होती.

त्यांनी पेन बंद केलं. आवाज मात्र चढवला. "वाचनालय काढा, असा अर्ज कुणी दिला? नाव सांगा. उद्या पहिल्या पानावर छापतो."

"अर्ज लागतच नाही आता. कुणी बोललं, लिहिलं, नुसतं पुटपुटलं तरी ते मागच्या मागे आमच्याकडे येतं. तो तुकडा बदलेपर्यंत बोलणाऱ्यानं थांबायचंही नाही, आपलं काम चालू ठेवायचं." त्यांनी वही उघडली. "हं. आषाढ. 'वाचनालयापाशी स्कूटर लावायला बोटभर जागा नाही, ही या शहराची शरमेची गोष्ट आहे.' दैनिक खडाजंगी. निळकंठ आवटी."

आवटींनी वही आपल्याकडे फिरवून वाचली. ओळ त्यांचीच होती. 'बोटभर' हा शब्द त्यांचा आवडता होता.

"मी जागा मागितली होती. वाचनालय काढा म्हणालो नव्हतो."

"ठेवा असंही म्हणाला नव्हतात, काका."

नमुना सात त्यांनी चौघडी करून खिशात घातला. बाहेर पडताना दारातच थबकून ते पुन्हा वळले. "मी अजून तक्रार करू शकतो ना?"

"कुणीही करू शकतं."

त्या दिवशी त्यांनी संपादकांशी भांडून राशिभविष्याच्या जागेतल्या मीन राशीपुरती जागा परत मिळवली आणि तीत लिहिलं: 'मोठा वाहनतळ बांधला, स्कूटरच्या जागी स्कूटर राहू द्या, पण माणसाला वाचायला तिथं एक पुस्तक नसावं, याची लाज वाटते.'

सकाळी आवटी फाटकाशी पोचायच्या आतच सुलभाताईंनी लांबून ओरडून विचारलं, "काय बदललं?"

"तुम्हीच सांगा!"

"पुस्तक! एक!"

शेवटच्या रेघेपाशी एक पुस्तक उभं होतं. कुक्कुटपालन, भाग दुसरा. सुलभाताईंनी त्याला पावती फाडली होती.

आवटींनी तिथंच डायरी काढली. 'एकच पुस्तक? आणि तेही भाग दुसरा?' हे बुधवारी. गुरुवारी कपाट. शुक्रवारी सुलभाताईंना खुर्ची नाही, याबद्दल जळजळीत मजकूर. चौदा हजारांचा हिशेब त्यांनी केला नाही. निवृत्त व्हायचा त्यांचा विचार नव्हताच.

दुपारी घरी आले तेव्हा मैना घर डोक्यावर घेऊन रडत होती. त्यांच्या पत्नी कुमुदताई तिला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होत्या. त्या वैतागून म्हणाल्या, "सकाळपासून हेच चाललंय. बाई गं, या पोरीचं रडणं एकदाचं..."

"कुमुद!" आवटी चप्पल न काढताच आत धावले. नातीला त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं आणि चारी भिंतींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उत्तम रडते! आमची काहीही तक्रार नाही!"

मैना रडत राहिली. ती थांबेपर्यंत आवटी तिथंच उभे राहिले, आणि ती थांबल्यावर त्यांनी तिला पुन्हा एकदा नीट पाहून घेतलं.