तातडीपुरती आजारी

हा नियम ज्याने लिहिला त्याने जन्मात कधी सुई धरलेली नाही, आणि ज्याला अंगावरच्या कपड्यांनिशी देश सोडावा लागला असा माणूस कधी जवळून पाहिलेला नाही. खुर्चीत बसून तू माणसांचे रकाने पाडलेस, नियम लिहिणाऱ्या, आणि त्यात आया धरायच्या विसरलास. हा आरोप आहे. वाटल्यास लिहून घे, आणि मास्तरांचं काय झालं ते ऐक.

मास्तर म्हणजे कोपऱ्यावरचे शिंपी. पळापळीत ते बायकोसह या देशात आले आणि त्यांची आई ताईबरोबर भलत्याच देशात पोचली. देशच सुटल्यामुळे मास्तरांना पासपोर्ट नव्हता. त्याऐवजी निर्वासितांना मिळते ती प्रवासाची पुस्तिका होती. दिसायला पासपोर्टासारखीच, पण तिची पत घरजावयाएवढी : पंगतीला बसवतील, वाढताना विसरतील.

एके दिवशी ताईचा फोन आला. आई दवाखान्यात होती, जेवण सुटलं होतं, सारखं लेकाचं नाव घेत होती. मास्तरांनी ट्रंकेतून पुस्तिका काढली, तर ती मधोमध उसवलेली. पानं लोंबत होती. आता उसवलेली वस्तू समोर आल्यावर शिंपी काय करणार? त्यांनी रंगाला रंग जुळवून दोरा ओवला आणि अशी सुरेख टीप मारली, की बायको म्हणाली, "अहो, सरकारनेसुद्धा एवढी चांगली शिवली नव्हती."

तिथेच घात झाला.

कचेरीतल्या खिडकीवरच्या बाईंनी पुस्तिका दिव्याखाली धरली.

"ही कुणी शिवली?"

"मीच," मास्तर छाती फुगवून म्हणाले. "उलट्या बाजूनं बघा, गाठ दिसणार नाही."

"मधली पानं काढून दुसरी घातली नाहीत कशावरून?"

"घातली असती तर शिवण बघून कळलं असतं की."

"काहीच कळत नाहीये, हीच तर पंचाईत आहे. याला फेरफार म्हणतात, मास्तर. पुस्तिका रद्द."

गबाळी शिवली असती तर माणूस वाचला असता. आयुष्यभराचा सफाईदार हात असा नडला.

"मग नवी द्या."

"ओळखीचा पुरावा आणा."

"हीच होती."

"ती आत्ताच रद्द झाली. तुमच्या मूळ देशाच्या वकिलातीतून आणा."

"बाई, तिथं पाऊल टाकलं तर तुम्हीच म्हणाल, हा कसला निर्वासित!"

"हो. पण मग ही पुस्तिका लागणारच नाही ना," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या.

शेवटी शेजारच्या न्हाव्याने शपथेवर लिहून दिलं, की हे मास्तर तेच मास्तर, मी यांची दाढी ओळखतो. मग फोटो. फोटोवाल्याने तीनदा काढून तीनदा पुसला.

"चेहरा कोरा ठेवा. हसायचं नाही."

"मी कुठं हसतोय?"

"रडायचंही नाही. रडका फोटो परत येतो."

एवढं होऊन बाई म्हणाल्या, "आता थांबा. बरेच महिने लागतील."

"महिने? म्हातारी अन्नाला शिवत नाही हो!"

"मग तातडीचा अर्ज करा. जवळचं माणूस अत्यवस्थ असल्याचं डॉक्टरांचं पत्र लागेल. फी मात्र जबर आहे, आणि ती परत मिळत नाही."

ताईने पत्र पाठवलं. 'प्रकृती चिंताजनक.' एवढे दोन शब्द हाती पडल्यावर मास्तरांना हायसं वाटलं, आणि मग स्वतःचीच किळस आली. फीसाठी त्यांनी दुकानातली दोनपैकी चांगली मशीन विकली. अर्ज गेला. मास्तरांनी आनंदाने आईला फोन केला, "आई, येतोय मी!"

या तीन शब्दांनी जे केलं ते कुठल्याच औषधाला जमलं नव्हतं. म्हातारी उठून बसली. वाटीभर पेज प्यायली. वर मीठ कमी आहे म्हणून नर्सला झापलं.

आणि नेमका तेव्हाच खिडकीवरच्या बाईंनी खातरजमा करायला दवाखान्यात फोन लावला. त्यांनी तो आईच्या खाटेशी जोडून दिला आणि आईनेच उचलला.

"रुग्णाची प्रकृती कशी आहे?"

"ठणठणीत! माझा लेक येतोय ना! तुम्ही कोण? लग्न झालंय का तुमचं?"

अर्ज तातडीतून निघाला आणि साध्या रांगेच्या शेपटाला जाऊन बसला. फी गेली, मशीन गेली.

"आज्जी गोड आहेत हो," बाई हळहळून म्हणाल्या. "पण नियमात बसत नाहीत."

मास्तरांनी घरी येऊन आईला खरं ते सांगितलं. मग म्हातारी म्हणाली, "मेली माझी जीभ! परत झोपू का रे अंथरुणावर?"

तिला मुद्दाम झोपावं लागलंच नाही. दोनच दिवसांत ताईचा फोन, "पेज तशीच राहते रे. भिंतीकडे तोंड करून पडलीय."

मास्तर पुन्हा खिडकीवर. बायकोने जाताना बजावलं होतं, "अहो, भांडू नका." ते भांडले नाहीत. नुसते उभे राहिले. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली केला.

"पुन्हा तातडीचा अर्ज टाका. पुन्हा फी भरावी लागेल. आणि मास्तर, कुठं बोलू नका, पण पुस्तिका हातात पडेपर्यंत त्यांना कळू देऊ नका, की तुम्ही निघताय."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या बऱ्या होतील."

दुसरी मशीन गेली. आता मास्तर रिकाम्या दुकानात स्टुलावर बसून असतात. संध्याकाळी फोन वाजतो.

"येतोस ना रे?" आवाज इतका बारीक, की कान फोनला चिकटवावा लागतो.

"नाही गं, आई," मास्तर म्हणतात. "नाही जमत."

"बरं," ती म्हणते.

बायको शेजारी उभी राहून त्यांच्या खांद्यावर हात ठेवते. रोज हेच.

तर नियम लिहिणाऱ्या, आता तू बोल. आई नेमकी किती आजारी असली म्हणजे लेकाला सोडतोस? मरायला टेकलेली, पण मेलेली नाही, ही तुझी रेघ कुठं आहे ते दाखव. आणि तिथपर्यंत तिला कुणी पोचवायचं? रोज 'नाही जमत' म्हणून लेकानेच? खिडकीआड लपू नकोस. उत्तर दे.