लुक विभागाची कार्यवाही

पनवेलच्या एका कार्यालयाचा कारभार इंग्रजीत व्हावा असं वरून ठरलं, आणि कर्मचाऱ्यांना शिकवायला निवृत्त शिक्षक प्रभाकर मास्तरांना पाचारण करण्यात आलं. मास्तरांनी ‘लुक’ हे एकच क्रियापद घेतलं. लुक इन्टू म्हणजे चौकशी, लुक आफ्टर म्हणजे देखभाल, लुक ओव्हर म्हणजे तपासणी. शेपूट बदललं की अर्थ बदलतो. साहेबांना हे इतकं पटलं की त्यांनी प्रत्येक शेपटाला स्वतंत्र टेबल दिलं. मास्तरांना शाल-श्रीफळ मिळालं आणि आठवडाभर त्यांचे पाय जमिनीला लागले नाहीत.

मग त्यांच्याच गल्लीतल्या गटाराचं झाकण चोरीला गेलं. त्यांच्या पत्नीला, रमाबाईंना, तिन्हीसांजेला नीट दिसत नसे, आणि भाजीवाला, देऊळ, सगळं गटाराच्या पलीकडे. मास्तर कार्यालयात गेले.

“सर, इन्टू झालंय,” सत्यजीत म्हणाला. तो इन्टूच्या टेबलावर होता, मास्तरांच्या वर्गात पहिला आलेला. “झाकण नाही, असं निष्पन्न झालं.”

“मग बसवा.”

“बसवण्याचं टेबल नाही, सर. आफ्टरकडे पाठवलं होतं, पण जे नाहीच त्याची देखभाल कशी करणार? त्यांनी ओव्हरकडे दिलं. ओव्हरला तुमच्या अर्जात व्याकरणाची चूक सापडली.”

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन ते अर्ज शुद्ध करत बसले.

“अहो, तोवर एखादी फळी तरी टाका,” रमाबाई म्हणाल्या.

“फळी टाकली तर तक्रार निकाली काढतील.”

सोमवारी कार्यालयाची माणसं आली आणि गटाराशी फलक ठोकून गेली: लुक आउट. म्हणजे सावधान. स्पेलिंग अचूक होतं. मास्तर गॅलरीतून कौतुकानं त्याचा फोटो घेत असताना, खाली अंधुक उजेडात रमाबाई फलक चुकवायला बाजूला झाल्या आणि थेट गटारात गेल्या.

माणसं जमली, मोबाइल निघाले. मासळीची टोपली खाली ठेवून गुणाबाई कोळीण तेवढी वाकली. “पाय अडकलाय बाईचा. कोनी हात लावाल का नाय?” मग वर बघून म्हणाली, “मास्तर, तुमचीच बायको हाय ना?”

“आलोच,” मास्तर म्हणाले, आणि अर्जाला जोडायला म्हणून त्यांनी आधी आणखी एक फोटो काढला.

फोटो छान आला. तो गल्लीच्या ग्रुपवर पडला, तुमच्याही ग्रुपवर आला. तुम्ही हळहळून त्याखाली दोन हात जोडलेत. गुणाबाईला एकच हवा होता.