सायकलमार्फत

“सायकलले म्हणाव, डाव्या अंगाले वळ.”

“सायकल, तिले सांग, तू सायकल हाय, बकरी नाई. शेताच्या धुऱ्यावर चढत नसते.”

“सायकलले म्हणाव, धुऱ्यानं गेलं तं चिचखेडा हा समोर दिसून राह्यला. मुरमाच्या रस्त्यानं गेलं तं साऱ्या तालुक्याले वळसा पडते.”

“सायकल, तिले सांग, हँडल माझ्या हातात हाय.”

सायकल बिचारी काही बोलत नव्हती. तिच्यावर बसलेली दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती, आणि बोलल्यावाचून राहतही नव्हती. पुढं सीटवर गुणवंतराव. मागं कॅरियरवर, त्याच्याकडे पाठ करून, त्याच्या धाकट्या भावाची बायको रंभा. भासऱ्यानं आणि धाकट्या भावाच्या बायकोनं एकमेकांना शिवायचं नाही, एकमेकांकडे पाहायचं नाही, तोंडानं बोलायचं नाही, असा रिवाज. घरी मधे भिंत असायची, मांजर असायचं, गुणवंतरावाची बायको शकुबाई असायची. जे सांगायचं ते त्यांना सांगायचं, ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकून घ्यायचं. सायकलवर तिसरं कोण? म्हणून सगळा भार सायकलवर पडला.

शकुबाईनं निघताना दोघांच्या मधे एक सूप उभं करून सुतळीनं घट्ट बांधून दिलं होतं. “आता कोनाचं बोट कोनाले लागत नाई,” ती म्हणाली होती, आणि नवऱ्याला बजावलं होतं, “मांगं वळून पाहू नोका. लोक नावं ठेवतात.”

गुणवंतराव कसा पाहील? रिवाज पाळण्यात त्याचा हात धरणारा गावात नव्हता. (पुरुषाला अक्कल कमी पडली की तो रिवाज बाहेर काढतो, हे मी जन्मभर पाहत आले आहे.)

निघायचं कारण सकाळी कासारानं आणलं होतं. बांगड्या भरता भरता तो बोलून गेला की आज चिचखेड्याला रंभेच्या धाकट्या बहिणीची, गिरजाची, सुपारी फुटणार. नवरदेव मुखरू. त्याची पहिली बायको वारली म्हणून दुसरं करतो आहे.

रंभेच्या हातातली बांगडी तिथंच फुटली. मार्कंड्याच्या जत्रेहून परतताना ती पहिली बायको तिनं चामोर्शीच्या बाजारात आपल्या डोळ्यांनी पाहिली होती. “मेलेली बाई लाखोरीची डाळ विकून राह्यली होती,” ती शकुबाईला म्हणाली, “अन् मापावर मूठभर घाल म्हटलं तं माझ्या अंगावर धावून आली. बाई, एकदा सुपारी फुटली का शब्द गेला. मंग गिरजा सवतीवर गेली म्हणून समजा.”

रंभेचा नवरा रामाजी धानाची गाडी घेऊन ब्रह्मपुरीला गेलेला. घरात उरला गुणवंतराव आणि उरली त्याची सायकल.

मालगुजारी गेली त्या साली ती सायकल आली. गावातली पहिली. आपला मुलूख कसा, तर परातीसारखा सपाट. धानाच्या एका बांधीत पाणी सोडावं तर कुठं जाऊ म्हणून त्यानं विचारत बसावं. अशा जमिनीवर सायकल भोपळ्यानंही चालवली असती. पण त्या सपाटीचं सगळं श्रेय गुणवंतराव स्वतःकडे घ्यायचा. “आपल्याले चढ लागतच नाई,” असं तो म्हणे. त्याला एकच अडचण होती. सायकलवर बसायला त्याला ओटा लागे. म्हणून एकदा बसला की मुक्कामापर्यंत तो उतरतच नसे.

आणि मुरमाचा रस्ता त्याला का हवा होता, तेही सांगून टाकते. त्या रस्त्याला गावं लागत, गावाला माणसं असत, आणि माणसांना डोळे असत. धुऱ्यावर सायकल पाहायला कोण? बगळे.

नाल्याच्या रेतीत चाक रुतू लागलं आणि सायकल बैलगाडीच्याही मागं पडली, तेव्हा रंभेनं शेवटचं विचारलं, “सायकलले विचार, वळते का नाई?”

“सायकल, तिले सांग, नाई.”

रंभेनं पाय खाली टेकले, लुगडं खोचलं आणि ती उतरली. उतरताना कॅरियरला मागून एक धक्काही दिला, अडलेल्या बैलाला देतात तसा. सायकल सुळकन रेतीबाहेर निघाली.

गुणवंतरावाला वाटलं, आज आपल्या पायात जोर आहे.

थोडं पुढं गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की मागून उत्तर येत नाही. त्यानं मुद्दाम खोड काढली. “सायकल, तिले सांग, बाईमानसाले रस्त्यातलं काय समजते?” मागं चिडीचूप. त्याची छाती फुगली. घरात शकुबाईपुढं त्यानं आजवर एक भांडण जिंकलेलं नव्हतं. आज जिंकलं, तेही सायकल चालवता चालवता. मग त्यानं सायकलला रस्त्याविषयी सांगितलं, मोठ्यांचं ऐकण्याविषयी सांगितलं, मोहाच्या झाडाखालून जाताना मोहाविषयीही सांगितलं. सगळं मागचीच्या कानावर पडावं म्हणून.

पहिल्या गावात चहाच्या हॉटेलाच्या ओट्यावर एक पाय टेकून त्यानं बसल्या बसल्याच चहा घेतला. “एक कप मांगं द्या,” तो हॉटेलवाल्याला म्हणाला.

हॉटेलवाल्यानं मागं पाहिलं. सूप पाहिलं. सुपापलीकडे पाहिलं.

“कोनाले?”

“मांगं, मांगं. मले तिकडं पाहता येत नाई.”

हॉटेलवाला शहाणा होता. तो मागं गेला, चहा स्वतः प्यायला आणि रिकामा कप घेऊन आला. गुणवंतरावाला बरं वाटलं. राग आहे, पण चहा सोडला नाही, म्हणजे माणूस वळणावर येतो आहे.

दुसऱ्या गावात त्यानं चावडीला दोन चकरा मारून घंटी ऐकवली. तिसऱ्या गावात कोणी दिसेना, म्हणून दिसेपर्यंत थांबला.

चिचखेडा दिसू लागलं तेव्हा समोरून एक छकडा आला. त्यात पागोटी बांधलेली माणसं, आणि मधे नवा फेटा बांधून एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलेला एक गडी. गुणवंतरावानं छकड्याच्या चाकावर पाय टेकला.

“राम राम. कुठून येऊन राह्यले?”

“चिचखेड्याहून,” त्यातला म्हातारा म्हणाला. तो मनसाराम, मुखरूचा काका. “या पोराची सुपारी फोडाले गेलो होतो. अडकित्त्यात सुपारी धरली, तं एक बाई आली. कमरेपावतर चिखल. तळ्यातून आली का आभाळातून, देव जाने. भरल्या मांडवात सांगते, याची पहिली जित्ती हाय. आता पंच जमवाले चाललो. पंच आपलेच हायत. वारलूनं पोरगी देतो म्हणून शब्द देला हाय, संध्याकाळी कसा मोडते ते पाहतो.”

“कोन बाई?”

“त्या वारलूचीच मोठी पोरगी. रंभा.”

गुणवंतराव इतका हसला की घंटी आपोआप वाजली. “दादा, फसवलं तुमाले कोनी. रंभा इथी माझ्या मांगं बसून राह्यली.” आणि त्यानं न पाहता अंगठा मागं केला.

छकड्यातल्या सगळ्यांनी वाकून पाहिलं.

“इथी?” मनसारामनं विचारलं.

“तं मंग कुठी? सकाळपासून बसली हाय. रुसली म्हणून बोलत नाई. सायकल, विचार तिले, तू गेली होती काय चिचखेड्याले?” त्यानं अदबीनं वाट पाहिली. “पाहा. चहा पेते, पन बोलत नाई.”

मनसारामनं पागोटं जरा सारखं केलं. “भाऊ, तुमी वारलूचे कोन?”

“पोरीचा भासरा. घरातला मोठा.”

“अन् घरचे बाकीचे?”

“आमी सारे असेच,” गुणवंतराव अभिमानानं म्हणाला. “एका वळणाचे.”

“मंगरू,” मनसाराम गाडीवानाला हळूच म्हणाला, “बैल हाक.”

वारलूच्या अंगणात सुपारी ताटात तशीच पडली होती, आणि चूल पेटली नव्हती. संध्याकाळी पंच येणार म्हणून वारलू डोकं धरून बसला होता. गिरजा भिंतीकडे तोंड करून बसली होती. तेवढ्यात घंटी वाजली आणि गुणवंतराव अंगणात शिरला.

“आनली तुमची लेक,” तो वारलूला म्हणाला. “सायकल, सांग तिले, उतर.”

गिरजानं मान वळवली. मग ती जी हसायला लागली ती थांबेचना. गुणवंतरावानं पाहिलं तर उंबऱ्यात रंभा उभी. कमरेपर्यंत वाळलेला चिखल, कपाळावर पदर. तेव्हा कुठं त्यानं मागं वळून पाहिलं. सूप होतं.

आणखी कोणी काही बोलायच्या आत छकड्याचा गाडीवान मंगरू धापा टाकत आला. अंगणाबाहेरच उभा राहिला, आत यायला तयार होईना.

“मनसारामभाऊचा निरोप हाय,” तो लांबूनच म्हणाला. “पंच बसवत नाई. शब्द वापस घेतला. देल्लं लुगडंबी राहू द्या. ज्या घरचा मोठा मानूस रिकाम्या कॅरियरले चहा पाजते, त्या घराशी सोयरीक आमाले झेपत नाई.” आणि सायकलकडे एकवार पाहून तो आला तसा पळाला.

वारलू उठला. गिरजा उठली. तिनं ताटातली सुपारी उचलून परसात भिरकावली, कोंबड्यांत. शेजारच्या बाया गोळा झाल्या, चूल पेटली, कोणी गूळ आणला. माणसं गुणवंतरावाच्या भोवती जमली आणि पाठीवर हात फिरवू लागली. त्याला सगळं नीट उमगलं नव्हतं. पण सोयरीक मोडली आणि ती आपल्यामुळं मोडली, एवढं उमगलं. तेवढं त्याला पुरे होतं. त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि सकाळचं भांडण जिथं सुटलं होतं तिथून पुन्हा धरलं.

“सायकल, तिले सांग, आता तरी कबूल कर. मुरमाच्या रस्त्यानं आलो म्हणूनच काम झालं का नाई?”

सगळं अंगण रंभेकडे पाहू लागलं. रंभेनं पदर आणखी खाली ओढला, पुढं येऊन सीटवर हात ठेवला आणि शेवटच्या बाईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली,

“सायकलबाई, भाऊजीइले सांग, रस्ता त्याइचाच बराबर होता, धुऱ्यानं आले असते तं पाहुन्याइले आपल्या घरचं येड दिसलं कसं असतं?”