राखाडी रंग पांढऱ्यावर उठत नाही

जी गोष्ट सहा शब्दांत मावत नाही, ती समाजाच्या हिताची नसते. आमच्या नगरपालिकेने हे फार पूर्वी ओळखलं आणि सभागृहाच्या पडद्यावर काय दिसावं याचे नियम केले. एका स्लाइडवर एकच विचार, सहापेक्षा जास्त शब्द नाहीत, भरपूर पांढरी जागा आणि शक्यतो एक चेहरा. (चेहरा लहान मुलाचा असेल तर विचार नसला तरी चालतो.) तेव्हापासून सभा निम्म्या वेळात संपतात आणि कॉफी गरम असतानाच मिळते. तक्रारी नव्वद टक्क्यांनी घटल्या आहेत. उरलेल्या दहा टक्के माझ्या आहेत.

माझी मुलगी विग्गा दीड वर्षाची आहे. आमच्या या थंड देशातल्या सगळ्या बाळांप्रमाणे तीही दुपारी पाळणाघराच्या अंगणात, उघड्यावर, बाबागाडीत झोपते. थंडीने नाक लाल झालं, म्हणजे प्रकृती उत्तम. हे पाळणाघर हलवायचं ठरलं, तेव्हा नगरपालिकेने पालकांना एक अत्यंत सुस्पष्ट स्लाइड दाखवली. झोपलेलं बाळ, एक हिरवं पान आणि शब्द: "जवळ. नवं. आपलं." पालक हेलावले. कुठे, असं कोणीच विचारलं नाही. ते मी घरी येऊन प्रस्तावाच्या जोडपत्रात शोधलं. (जोडपत्रं कोणी वाचत नाही, म्हणूनच ती सर्वांना खुली असतात.) नवं अंगण बसआगाराच्या कुंपणाला लागून होतं. दुपारी चालकांची पाळी बदलते, तेव्हा डिझेलच्या गाड्या तिथेच इंजिन चालू ठेवून उभ्या राहतात. नेमक्या झोपेच्या वेळी.

"तू पुन्हा जोडपत्र वाचतेयस का?" माझा नवरा येप्पे स्वयंपाकघरातून ओरडला.

"धूर विग्गाच्या नाकात जाणार आहे, येप्पे."

"मग सांग की सभेत. पण थोडक्यात सांग हं. मागच्या वेळी झोपाळ्याच्या एका खिळ्यावर पाऊण तास बोललीस."

मतदानाच्या सभेत नागरिकाला एक स्लाइड दाखवता येते. ती नीट व्हावी म्हणून नगरपालिकेचा स्पष्टता-सल्लागार फुकट मदत करतो. त्याचं नाव अस्गर. तरुण, सौम्य, चष्मा सतत पुसणारा. (आमच्याकडे सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, अगदी नगराध्यक्षालासुद्धा. त्यामुळे नकारही मायेचा वाटतो.)

"यात चार विचार आहेत गं," माझी स्लाइड पाहून तो म्हणाला. "नकाशा, बस, धूर, बाळ."

"चारही एकाच जागी येणार आहेत. तीच तर तक्रार आहे."

"नकाशा काढू या. नकाशा दिसला की लोक आपापलं घर शोधत बसतात." नकाशा गेला. "आता ही बस. पिवळीजर्द आहे. नजर तिच्यावरच जाते, बाळ बिचारं बाजूला पडतं."

"नजर बसवरच जायला हवी रे!"

"बाळापेक्षा बस महत्त्वाची?"

असं विचारल्यावर कुठली आई हो म्हणणार? बस गेली. उरला धूर. अस्गरने डोळे बारीक करून पाहिलं आणि तो मनापासून हळहळला. "राखाडी रंग पांढऱ्यावर उठत नाही."

"मग मागे काळं कर."

"काळ्यावर बाळ भीतिदायक दिसतं गं."

धूरही गेला. राहिलं एक झोपलेलं बाळ आणि त्याखाली: "बाळांना हवी स्वच्छ हवा." खरं सांगते, कुठलाही मुद्दा इतका स्वच्छ मी आयुष्यात मांडला नव्हता.

सभेत रीतीप्रमाणे मतदानाआधी फेरी झाली. फेरीत प्रत्येकाने काय आवडलं ते सांगायचं असतं. काय आवडलं नाही यासाठी फेरी नसते. सगळ्यांना माझी स्लाइड आवडली. एका आजोबांनी डोळे टिपले. समितीची अध्यक्ष लिस्बेट म्हणाली, "अगं, हे तर आमचंच म्हणणं आहे! आम्हालाही स्वच्छ हवाच हवीय."

"पण आगाराच्या बसगाड्या..." मी उठून म्हणाले.

लिस्बेटने पडद्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनी पाहिलं. "कुठल्या बसगाड्या?"

"त्या स्लाइडवर नाहीयेत."

"मग ऐनवेळी नवा विचार नको ना गं. तुझा आहे तोच इतका छान आहे!"

स्थलांतर एकमताने मंजूर झालं. एकमताने, कारण मी बोलायची परवानगी मागायला हात वर केला आणि तोही मोजला गेला.

विग्गा आता त्या अंगणात झोपते. फाटकावर माझी स्लाइड मोठी करून लावली आहे. येणारेजाणारे तिच्यासोबत फोटो काढतात. बाबागाडीच्या छतावरून बोट फिरवलं की ते काळं होतं. जेवणाच्या सुट्टीत मी कुंपणापाशी उभी राहून विग्गाचा खोकला ऐकते. खोकल्याचं चित्र निघत नाही, ही त्यातली मुख्य अडचण.

तुम्ही हसलात, बरं वाटलं. आता तुमच्या सोसायटीच्या नाहीतर मुलांच्या शाळेच्या मागच्या सभेत पडद्यावर जे सुरेख चित्र होतं, ते आठवून पाहा. आठवेल. मग शेवटी तुम्ही कशाला होकार देऊन घरी आलात, तेवढं जरा तुमच्या मुलांना सांगा.