उस्ताज वगदींचा आदर्श पाठ

तासाचा दुसरा व्हिडिओ गुरुवारच्या शिक्षकसभेत सगळ्यांसमोर लागणार आहे, हे कळलं तेव्हा उस्ताज वगदींनी, म्हणजे वगदी सरांनी, तो पाठवलाही होता. आता मागे हटायची सोय नव्हती.

इजिप्तमधल्या तान्ता शहरातल्या एका मुलींच्या शाळेत ते अठरा वर्षं विज्ञान शिकवत होते आणि यंदा ज्येष्ठ शिक्षकपदाचे दावेदार होते. पण मधेच हे नवं यंत्र आलं. आपला तास मोबाइलवर टिपून पाठवायचा आणि यंत्राने तो तपासून सल्ला द्यायचा. वगदींच्या पहिल्या तासावर यंत्राने लिहिलं होतं: "शिक्षकाचं बोलणं ९४ टक्के. प्रश्न विचारल्यावर थांबणं अर्धा सेकंद." मुख्याध्यापिका अब्ला इन्साफ, म्हणजे इन्साफ बाईंनी बजावलं होतं, "आठवड्यात सुधारून दाखवा, नाहीतर ते पद विसरा."

सभेत व्हिडिओ सुरू झाला. फळ्यावर 'घनता', ग्लासात मीठपाणी, त्यात तरंगणारं अंडं. वगदी प्रत्येक मुलीला नावाने हाक मारत होते, प्रश्न विचारून शांत थांबत होते. यंत्राचा गोड आवाज म्हणाला, "उत्कृष्ट! हा आदर्श पाठ आहे."

वगदींनी मात्र आपल्या घरचा दिवाणखाना ओळखला. तिथे टिपलेला हा व्हिडिओ गैरहजर मुलींसाठी होता. मोबाइलवर वर्गातल्या आणि घरच्या व्हिडिओचं चित्र सारखंच दिसलं आणि बोट भलत्यावर पडलं.

"ही आपली प्रयोगशाळा?" अब्ला इन्साफ चष्मा वर सारत म्हणाल्या. "तिथे फ्रिज कधी आला?"

"अंडी ठेवायला, अब्ला."

"आणि वर वाळत घातलेले पायजमे?"

वगदी काही जुळवणार, तोच पडद्यावर चहाचा ट्रे घेऊन त्यांची बायको अवतरली. "अहो, आवरा लवकर! पुढच्या तुकडीच्या मुली जिन्यात ताटकळल्यात."

शिक्षकांत खसखस पिकली. खाजगी शिकवण्यांना बंदी होती. म्हणजे सगळेच घेत होते, पण पडद्यावर कुणी दाखवत नव्हतं. वगदींना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तेवढ्यात पडद्यावरची पुढच्या रांगेतली मुलगी वळून हसली. ती अब्ला इन्साफची धाकटी लेक होती. अब्लांनी झटकन व्हिडिओ बंद केला.

"व्हिडिओत आवाज नीट नाही," त्या खाली बघत म्हणाल्या. "उस्ताज, शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीनंतर रविवारी पुन्हा टिपा. वर्गातला."

वगदी सुटले, पण लाज सुटेना. तीच इयत्ता, तोच धडा. घरी अंडं, शाळेत नुसता खडू. रविवारी ते खिशात अंडं घेऊन शाळेत गेले. कोपऱ्यात मोबाइल लावला, अंडं सोडलेल्या ग्लासात मीठ ढवळलं आणि शेवटच्या बाकाकडे वळले.

"सबरीन, सांग बघू, अंडं वर का आलं?"

सबरीन गोंधळून उभी राहिली. आधी तिने मागे पाहिलं; मागे भिंतच होती.

"उस्ताज, तुमची काहीतरी चूक होतेय," ती हळूच म्हणाली. "मी शिकवणीला येत नाही."

मान खाली घालून वगदी ग्लासातल्या अंड्याकडे बघत राहिले. मग सबरीननेच, त्यांची कीव आल्यासारखं, अडखळत उत्तर दिलं. ते बरोबर होतं.

संध्याकाळी यंत्राचा अहवाल आला: "प्रश्नानंतर थांबणं एकवीस सेकंद. विलक्षण संयम! हे कौशल्य इतर शिक्षकांनाही शिकवा."